वह्या पुरे झाल्या

आपला समाज देत नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटे आहे. तो देतो, आणि पोटाला चिमटा काढून देतो. रिक्षा चालवणारा माणूस मशिदीच्या बांधकामाची पावती फाडतो, विडी वळणारी बाई फित्रा मोजून बाजूला ठेवते. माझी तक्रार देण्याबद्दल नाही. तालीमच्या नावाने जे दिले जाते, ते कुठे जाऊन थांबते याबद्दल आहे.

ते वहीवर थांबते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. जून महिना आला की कुठला ना कुठला ट्रस्ट वह्या घेऊन येतो. वहीच्या मुखपृष्ठावर अध्यक्षसाहेबांचा फोटो, मलपृष्ठावर उपाध्यक्षांचा. मुले उन्हात रांगेत उभी. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके सरकारकडून मोफत मिळतात, वह्या दोन-तीन संस्थांकडून मिळतात. एकेका मुलाच्या घरी तीन-तीन दप्तरे पडून असतात. मग निकाल लागतो आणि गुणगौरवाचा जलसा होतो. ट्रॉफी, शाल, बिर्याणी. दहावीला ऐंशी टक्के मिळवलेल्या मुलीच्या हातात ट्रॉफी देऊन समाज मोकळा होतो. तिला खरी गरज तिथून पुढे लागते. अकरावी सायन्सला माध्यम बदलते, फी बदलते, गाव बदलते. तेव्हा कोणी फिरकत नाही.

माझ्याच शाळेतून गेलेली एक मुलगी एम. एस्सी. झाली. सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करायचे म्हणून पेट परीक्षाही पास झाली. आमच्यासारख्यांच्या मुलांना ज्या मौलाना आझाद नॅशनल फेलोशिपचा आधार होता, ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली होती. म्हणून मी तिला घेऊन एका ट्रस्टकडे गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारले, "सर, यात लाभार्थी किती?" मी म्हणालो, एक. ते म्हणाले, "एवढ्या पैशात आम्ही हजार मुलांना वह्या देतो." हिशेब त्यांच्या दृष्टीने बरोबर होता. हजार मुलांचा फोटो निघतो. एक मुलगी पाच वर्षे प्रयोगशाळेत मान खाली घालून बसते, त्याचा फोटो काय काढणार? ती आज एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने गोळा करते.

कोणी म्हणेल, आपल्यात तेवढे मोठे दाते कुठे आहेत? वाचकहो, होते. १९१४ साली सर मोहम्मद युसूफ यांनी मुसलमानांच्या शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्या काळचे आठ लाख! त्यातून जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज उभे राहिले, पण ते १९३० साली. मध्ये सोळा वर्षे गेली. आजचा दाता सोळा महिने तरी थांबेल का? त्याला पुढच्या ईद-मिलनच्या आत उद्घाटनाची कोनशिला हवी असते.

त्याच्याही आधीचे उदाहरण बंगालचे आहे. हुगळीच्या हाजी मोहम्मद मोहसीन यांना त्यांच्या सावत्र बहिणीकडून मोठी जमीनदारी मिळाली. मूलबाळ नव्हते. १८०६ साली त्यांनी सारे वक्फ केले आणि १८१२ साली ते वारले. पुढे काय झाले? मुतवल्लींनी गोंधळ घातला, सरकारने त्यांना दूर करून कारभार हाती घेतला आणि खटला थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तोपर्यंत शिल्लक साचत राहिली आणि तिच्यातून १८३६ साली हुगळी कॉलेज निघाले. बंकिमचंद्र तिथे शिकले, सय्यद अमीर अली तिथेच शिकले. पण मुसलमान विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हंटरने १८७१ च्या आपल्या पुस्तकात त्यावर बोट ठेवले. शेवटी १८७३ मध्ये त्या निधीचा मोठा भाग मुस्लिम विद्यार्थ्यांच्या फीसाठी आणि मदरशांसाठी वळवण्यात आला. देणाऱ्याने दिल्यानंतर सदुसष्ट वर्षांनी! दाता मोठा होता, पण त्याच्या दानाला प्रामाणिक कारभारी मिळाला नाही, आणि जाब विचारणारा समाजही फार उशिरा जागा झाला.

आता शेजारच्या समाजाकडे पाहा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. आधी तो पारशांसाठी होता, लवकरच सर्व भारतीयांसाठी खुला झाला. आणि ते पैसे खैरात म्हणून दिले जात नसत, कर्ज म्हणून दिले जात. शिका, कमवा, परत करा, म्हणजे दुसरा शिकेल. घेणाऱ्याची मान ताठ राहते. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि आपले जयंत नारळीकर याच निधीवर परदेशी गेले. १८९८ साली टाटांनी संशोधन संस्थेसाठी सुमारे तीस लाखांच्या मिळकती देऊ केल्या. कर्झनसाहेबांना शंका होती की शिकायला येणार कोण आणि शिकून नोकरी कुठे मिळणार. थोडक्यात, 'लाभार्थी किती?' टाटा १९०४ साली गेले. बंगळूरची संस्था स्थापन झाली १९०९ साली. त्यांनी ती पाहिली नाही, आणि तिच्या अधिकृत नावात 'टाटा' हा शब्दही नाही.

आपल्यातही असे एक उदाहरण आहे, पण आपण ते सरबत पिऊन विसरतो. रूह अफजा विकणाऱ्या हमदर्दचा सारा कारभार हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ साली वक्फ केला. नफा घरात न नेता औषधांच्या संशोधनात आणि शिक्षणात घातला. त्यातून पुढे दिल्लीत जामिया हमदर्द उभे राहिले, १९८९ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सरबताच्या बाटलीतून विद्यापीठ निघते, हे आमच्या कारखानदारांना कोणी सांगायचे?

अझीम प्रेमजींचे नाव काढले की आमचे काही लोक नाक मुरडतात. "आपला असून आपल्यासाठी काय केले?" २०१९ पर्यंत त्या माणसाने आपल्या संपत्तीतले सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये फाउंडेशनकडे वळवले होते, आणि काम कुठे? सरकारी शाळांत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात. गरीब मुसलमानाचे मूल सरकारी शाळेत बसत नाही तर कुठे बसते? नावाची पाटी लावून न दिलेले दान आम्हाला दिसतच नाही, इतकी आमची नजर बिघडली आहे.

जकातीचा प्रश्न निघतोच. जकात गरजू माणसाच्या मालकीत गेली पाहिजे, ती इमारतीत किंवा यंत्रात घालता येत नाही, असे आमचे हनफी उलेमा सांगतात. मान्य. पण शिकणारी गरीब मुलगी माणूस नाही का? तिच्या हातात रक्कम द्या, फी ती भरेल. प्रयोगशाळेसाठी आणि ग्रंथालयासाठी सदका-ए-जारिया आहे, वक्फ आहे. अडचण शरीयतची नाही, नियतची आहे.

आणि यातून सरकार सुटते असे कोणी समजू नये. फेलोशिप बंद करायची, २०२२ मध्येच पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद करायची, आणि मग म्हणायचे की समाजाने पुढे यावे, हा सोयीचा मामला आहे. कर आम्हीही भरतो. शेठजींच्या मर्जीवर मिळणारी मदत हा हक्क होऊ शकत नाही. मर्जी फिरली की ती संपते. म्हणून दोन्ही आघाड्यांवर भांडावे लागेल, आणि घरातली आघाडी जास्त अवघड आहे.

कारण घरातला हिशेब लाजिरवाणा आहे. २००६ च्या सच्चर समितीने लिहून ठेवले आहे: देशात नोंद झालेल्या वक्फ मिळकती ४ लाख ९० हजारांच्या वर, बाजारभावाने किंमत १ लाख २० हजार कोटी, आणि वर्षाचे उत्पन्न अवघे १६३ कोटी. नीट कारभार झाला तर हेच उत्पन्न १२ हजार कोटी होऊ शकते, असाही त्यांचाच अंदाज. या फरकात किती मुलींच्या प्रयोगशाळा बुडाल्या, ते मोजायला कोणी बसलेले नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या वक्फ दुकानाचे भाडे किती येते आणि ते कुठे जाते, हे या वर्षी जुम्याच्या नमाजनंतर मुतवल्लीसाहेबांना उभे राहून विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका, कागद मागा.