चाळीस दिवसांचा नेम आणि पाच दिवसांची दिवाळी

उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये दोन व्रतं शेजारी शेजारी नांदतात. आषाढी एकादशीला शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनाला रांग लागते आणि मराठी घरांत चातुर्मास सुरू होतो. कांदेनवमीला कांद्या-वांग्याचा शेवटचा बेत करून पुढचे चार महिने त्यांना हात न लावणारी माणसं अजून आहेत. साधारण त्याच सुमारास, जुलैच्या मध्यावर, सिंधी घरांत चालिया बसतो. सिंधमधल्या थट्ट्याच्या मिर्खशाह या राज्यकर्त्यानं धर्म बदलण्याचा हुकूम काढला, तेव्हा सिंधूच्या काठी चाळीस दिवस उपास आणि प्रार्थना झाली आणि सिंधी लोकांचं आराध्यदैवत झुलेलाल प्रकटले, अशी या व्रतामागची श्रद्धा. चाळीस दिवस मांस-मद्य बंद. कित्येकजण दाढी-केस करत नाहीत, जमिनीवर झोपतात, संध्याकाळी पदर पसरून पल्लव, म्हणजे प्रार्थना, घालतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या लोकांनी हे व्रत बराकींत राहून पाळलं. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पत्त्यातला बॅरेक नंबर मात्र आजही टिकून आहे, आणि चालियाही. ज्या वस्तीला चाळीस दिवस जिभेवर ताबा ठेवता येतो, त्या वस्तीला पाच दिवसांची दिवाळी तब्येत सांभाळून का पार पाडता येऊ नये?

‘मनावर ताबा नाही’ हे उत्तर मला पटत नाही. माणूस तोच, मनही तेच. बदलतं ते आजूबाजूच्यांचं वागणं. श्रावणात कुणी ‘आज उपास आहे’ म्हटलं की यजमानीण लगेच ताट बाजूला ठेवते, वर ‘मग फळं कापू का?’ असं आपुलकीनं विचारते. चालियात दारू नाकारणाऱ्याला मित्र दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तोच माणूस दिवाळीत ‘मला शुगर आहे’ म्हणाला की वाटाघाटी सुरू होतात. ‘अहो, एका लाडवानं काय होतंय’, ‘घरच्या तुपातला आहे’, ‘आज गोळी जास्त घ्या’. व्रताला समाजानं नकाराचा मान दिला आहे, आजाराला दिलेला नाही. म्हणून सणासुदीत निरोगी आणि शांत राहण्याचा प्रश्न मला एकेकट्याच्या निग्रहाचा वाटत नाही. तो चारचौघांनी मिळून पाळायच्या नेमाचा आहे. ‘गोड कमी खा, वेळेवर झोपा’ हे सल्ले खरेच आहेत, पण ते एकट्या माणसाला दिलेले असतात आणि त्याला घेरणारा आग्रह सगळ्यांचा असतो.

हा आग्रह कुणाला होतो ते पाहा. आयसीएमआरच्या पुढाकारानं देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के आहे. भाऊबीजेला एका घरात दहा-बारा मोठी माणसं जमली, तर त्यांत एखादा मधुमेही आणि तिघे-चौघे रक्तदाबाचे असणार, असं धरूनच चालावं. सणाच्या खाण्यानं नेमकं किती बिघडतं, याचंही मोजमाप झालं आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजनं नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत आणि त्यानंतरही घेतली गेली आणि २००० साली त्याचा अहवाल आला. सणांच्या त्या सहा-आठ आठवड्यांत वजन सरासरी ०.३७ किलोनंच वाढलं होतं, लोकांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी. पण वाढलेलं ते थोडं वजन पुढच्या उन्हाळ्यातही उतरलं नाही, आणि माझ्या मते खरी बातमी तीच आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे दोन अनारसे कुणाला आजारी पाडत नाहीत. गणपतीत सुरू झालेलं आणि ३१ डिसेंबरला संपणारं ‘आता सणच आहेत’ हे चार महिन्यांचं पालुपद शरीरात जाऊन बसतं.

खाण्याइतकीच, कदाचित जास्तच, काळजी झोपेची करायला हवी आणि तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. शिकागो विद्यापीठात कॅरीन स्पीगेल आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्यांच्या शरीराची रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्याची क्षमता स्पष्टपणे खालावली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. सहा अपुऱ्या रात्री म्हणजे वसुबारस ते भाऊबीज. त्या तरुणांना कुणी करंज्या खाऊ घातल्या नव्हत्या. आपण जागरण आणि करंज्या दोन्ही एकदम देतो, तेही साठीच्या माणसाला. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या सुमारे २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली, तेव्हा नाताळच्या आदल्या संध्याकाळी झटक्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त निघालं. रात्री दहाच्या सुमारास ते सर्वांत वर होतं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना, मधुमेहींना त्याचा धोका अधिक होता. यावरून कारण सिद्ध होत नाही, संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. स्वीडनचा कडाक्याचा हिवाळा आणि आपला कार्तिक यांतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण सणाची रात्र म्हाताऱ्या, आजारी माणसावर भारी पडू शकते, इतकं समजून घ्यायला हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

आणि रात्रीची झोप एकट्याच्या हातात नसतेच. कॅम्पातल्या घरांना सामाईक भिंती आहेत, गल्ल्या अरुंद आहेत. खालच्या चौकात लावलेली माळ तिसऱ्या मजल्यावरच्या रुग्णाच्या उशाशीच फुटते. कायदा यात आपल्या बाजूनं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, त्यापुढे नाही. दिवाळीच्या फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबई महानगर प्रदेशासाठी हेच दोन तास ठरवले. या प्रदेशात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळे येतात. तरी साडेअकराला सुतळी बॉम्ब वाजतो, कारण पोलिसांना फोन करणारा शेजारी वाईट ठरतो. इथेही अडसर आग्रहासारखाच आहे, नाही म्हणणाऱ्याला एकटं पाडण्याचा. सोसायटीनं किंवा मंडळानं दहाची वेळ आधीच फळ्यावर लिहून टाकली, तर तो वाईटपणा कुणा एकाच्या वाट्याला येत नाही.

घरातल्या शांततेची किंमत बहुतेक वेळा एकच व्यक्ती मोजते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. हा झाला साध्या दिवसाचा हिशेब. चकलीची भाजणी दळून आणायची, मोहन घालून पीठ मळायचं, सोऱ्या दाबून दाबून मनगट भरून येतं. तळणीची आच मंद ठेवावी लागते, नाहीतर चकली बाहेरून लाल आणि आतून मऊ राहते, म्हणून कढईपुढून हलता येत नाही. हे सगळं दिवसभराचं काम उरकून रात्री नऊनंतर सुरू होतं. फराळ आठ प्रकारांचाच हवा, हा हट्ट सोडला तर या घरातलं सर्वांत मोठं औषध तेच ठरेल. तीन-चार घरांनी पदार्थ वाटून घ्यावेत, एकीनं चकल्या, दुसरीनं चिवडा, आणि पुरुषांनी सोऱ्या हातात घ्यावा.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो व्रतांवरच. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्यातच रूढ आहे. साबुदाण्याची तुपातली खिचडी, बटाट्याचे वेफर्स, गोड शिंगाड्याचा शिरा असा उपास आरोग्याचा कसा? आक्षेप रास्त आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय, मधुमेह्याची साखर तो झपाट्यानं वाढवतो. उलट दिशेचा धोकाही आहे: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं पोट रिकामं ठेवलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रमजानच्या रोजांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं मार्गदर्शिका काढली आहे, औषधांच्या वेळा आणि मात्रा रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात, असं ती सांगते. चालिया, चातुर्मास आणि नवरात्रातल्या नऊ दिवसांच्या उपासांसाठीही घरच्या डॉक्टरांना आठ-पंधरा दिवस आधी विचारलं पाहिजे. व्रतात काय खातात, याचं समर्थन मी करत नाही. मला व्रताकडून घ्यायच्या आहेत त्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत: त्याचा आरंभ-शेवट ठरलेला असतो, ते सगळे मिळून पाळतात, आणि नकाराला त्यात सन्मान असतो.

दुसरा आक्षेप जास्त मनापासूनचा आहे. वर्षभर राबणाऱ्या माणसानं चार दिवस मनसोक्त खाल्लं, फटाके उडवले, तर त्यात मोजमाप कशाला आणता? आनंदाला वेळापत्रक लावलं तर सण उरतो का? पण आपल्या पंचांगाकडे पाहा. गणपती, नवरात्र, दिवाळी हे सगळे सण चातुर्मासाच्या आत येतात, आणि दिवाळी पाडव्यानंतर दहाव्या दिवशी कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो. ज्यांनी ही रचना केली त्यांना नेम आणि मेजवानी एकमेकांचे वैरी वाटले नाहीत. मेजवानीच्या अलीकडे-पलीकडे साधे दिवस असल्यामुळेच ती मेजवानी वाटत होती. आज साखर आणि तळण बारा महिने आहे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणं उत्तम मानते. दोन-तीन गोड चहा आणि चार बिस्किटांत एखाद्या साध्या मंगळवारी ती मर्यादा संपते. साधे दिवस परत साधे झाले, तर दिवाळीतल्या लाडवाला मी कधीच हरकत घेणार नाही.

तिसरा आक्षेप या गावाचा खास आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. उल्हासनगर हा बाजार आहे. कपडा, जीन्स, फर्निचर, मिठाई यांवर पोट असलेल्या हजारो घरांसाठी दिवाळी ही सुट्टी नसून वर्षाच्या कमाईचा हंगाम आहे. शिलाईच्या कारखान्यात आदल्या महिन्यापासून रात्रपाळ्या लागतात, दुकानातली मुलं बारा-चौदा तास उभी असतात आणि शेवटच्या गाडीनं टिटवाळ्याला किंवा बदलापूरला पोचतात. सोसायटीच्या फळ्यावरचा दहाचा नेम त्यांच्यापर्यंत पोचत नाही, झोपा म्हणण्याला तिथे अर्थच नाही. एकट्या दुकानदारानं नऊला शटर ओढलं तर गिऱ्हाईक शेजारी जाणार, ही त्याची भीतीही खरी आहे. म्हणून हे ठरवायचं तर बाजारातल्या व्यापारी संघटनांनीच ठरवावं लागेल: धनत्रयोदशीपर्यंत बंद करण्याची एकच वेळ, काम करणाऱ्यांना आळीपाळीनं आठवड्याची सुट्टी, दुपारी बसून जेवायला अर्धा तास. चालियात याच बाजारातले कित्येक व्यापारी चाळीस दिवस एकत्र नेम पाळतात. दिवाळीच्या पंधरवड्याचा हा नेम त्यांच्या बैठकीत गणपतीच्या आधी मांडला, तरच तो या वर्षी अमलात येऊ शकेल.