नांवाचा दाखला

पुण्याच्या एका वाचक भगिनींनीं विचारिलें आहे कीं, त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत ज्या संकेतस्थळावर ठेविला आहे, त्याचें डोमेन नांव एका पेढीकडून दुसरीकडे न्यावयाचें आहे. नवी पेढी ‘ऑथ कोड’ मागते, आणि संकेतस्थळ तयार करून देणारे गृहस्थ तो देत नाहींत. हा कोड म्हणजे काय, आणि तो अडवून धरण्याचा त्यांस अधिकार आहे काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती ज्या एका नांवामागें उभी आहे तें नांवच परहस्तगत व्हावयाचें असल्यास तो लहान राहत नाहीं.

या व्यवहारांत तीन पक्ष असतात. ज्याच्या नांवें नोंद होते तो धारक. त्याजकडून वार्षिक शुल्क घेऊन नोंद करून देणारी पेढी ती रजिस्ट्रार. आणि सर्व नोंदींची मूळ वही जिच्यापाशीं ती रजिस्ट्री. ‘डॉट कॉम’ची वही अमेरिकेंतील व्हेरिसाइन कंपनीकडे, तर ‘डॉट इन’ची आपल्या देशांतील निक्सी या संस्थेकडे आहे. विद्यार्थी एका शाळेंतून दुसरींत जातांना शाळा सोडल्याचा दाखला नेतो, तसाच हा ऑथ कोड. तो जुन्या पेढीकडून घ्यावयाचा, नव्या पेढीस द्यावयाचा आणि तिनें रजिस्ट्रीस दाखवावयाचा. वहींतील कोडाशीं जुळला तरच अर्ज दाखल होतो. नांवावर स्थलांतराचें कुलूप असल्यास तें मात्र आधीं काढून घ्यावें लागतें. ‘डॉट कॉम’सारख्या नांवांच्या बाबतींत जुन्या पेढीस हरकत घेण्यास पांच दिवस मिळतात, आणि ती गप्प बसली तर मौन ही संमति समजून नांव हलतें. (नांव हललें म्हणजे पानें हललीं असें नव्हे, तीं जेथें सांठविलीं असतील तेथेंच राहतात. पुष्कळ लोक येथें गोंधळतात.)

कोड नसला तर काय होतें हें २००५ सालीं दिसून आलें. ‘डॉट कॉम’ला त्या काळीं ही पद्धत लागू नव्हती. न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचें नांव त्या वर्षीं जानेवारींत, शनिवार-रविवारच्या सुट्टींत, कोणी परस्पर ऑस्ट्रेलियांतील एका पेढीकडे हलविलें. त्या पेढीच्या अडत्यानें अर्जदार खरा कीं खोटा हें नीट पाहिलेंच नव्हतें! गिऱ्हाइकांचीं पत्रें भलतीकडे जाऊं लागलीं, आणि नांव परत मिळेपर्यंत दोनएक दिवस गेले.

आतां कोड आहे. तरी निर्धास्त राहावें अशी स्थिति नाहीं. पूर्वीं नवी पेढी धारकास पत्र पाठवून त्याची संमति विचारीत असे. युरोपांतील खासगी माहितीचा कायदा मे २०१८ मध्यें लागू झाला, धारकांचे पत्ते सार्वजनिक नोंदींतून झांकले गेले, आणि ती अट शिथिल झाली. तेव्हांपासून सर्व भार बहुतांशीं कोडावर येऊन पडला आहे. येथें वाचकांस शाकुंतलांतील मुद्रिका आठवेल. दुष्यंतानें शकुंतला ओळखिली नाहीं, मुद्रिका दिसतांच मात्र त्यास सर्व स्मरलें. परंतु ती कोळ्याच्या हातीं लागली म्हणून कोणी त्यास शकुंतलेचा मान दिला नाहीं. उलट शिपायांनीं चोर म्हणून धरिलें. रजिस्ट्रीपाशीं हा विवेक नाहीं. कोड आणणारा कोण, हें ती विचारीत नाहीं. सबब तो व्हॉट्सॲपवरील कुटुंबाच्या गटांत टाकणें हा शुद्ध अविचार होय, आणि असें करणारीं सुशिक्षित घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

आतां अधिकाराविषयीं. ‘डॉट कॉम’ आदि नांवांचे नियम आयकॅन ही १९९८ सालीं स्थापन झालेली संस्था करते. त्यांप्रमाणें धारकानें मागणी केल्यापासून पांच दिवसांच्या आंत रजिस्ट्रारनें कोड दिला पाहिजे. केवळ पैशाचा वाद आहे एवढ्यावरून तो अडवितां येत नाहीं. मात्र हा हक्क धारकाचा आहे. संकेतस्थळ करणाऱ्या गृहस्थांनीं नोंद स्वतःच्याच नांवें व स्वतःच्याच ईमेलवर केली असेल, तर कागदोपत्रीं धारक तेच. पैसे दरसाल ज्या घरानें भरले तें घर रजिस्ट्रारच्या लेखीं परकें. अशा वेळीं त्यांचें मन वळवून आधीं धारक बदलून घ्यावा. काम झाल्यावर मेहनताना राहिला असेल तर तोही चुकता करावा. त्यांचीही कांहीं बाजू असूं शकते. तेवढ्यानेंही न भागल्यास पावत्या व पत्रव्यवहार घेऊन वकिलाकडे जाणें प्राप्त आहे. धारक बदलल्यावर पुन्हां ६० दिवस स्थलांतर अडूं शकतें, म्हणून नोंदीची मुदत केव्हां संपते तें प्रथम पाहावें.

त्या भगिनींनीं जुनी पावती शोधून धारकाच्या रकान्यांत घरांतील कोणाचें नांव आहे कीं त्या गृहस्थांचें, एवढें आम्हांस कळवावें.