उभ्या पिकाचा सौदा

आपल्या फवारणीच्या 'बोर्डो मिश्रणा'चे नाव ज्या बोर्डोवरून पडले, तिथली उंची तांबडी वाईन बाटलीत भरण्याआधीच विकली जाते! सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षे खुडायची. पुढच्या वसंतात व्यापारी पिंपातली कोवळी वाईन चाखतात, मग भाव ठरतो. गिऱ्हाईक पैसे तेव्हाच मोजते, बाटली मिळते दीड-दोन वर्षांनी. पूर्वी तर कधी वेलीवरच्या द्राक्षांचाच सौदा होई. मळेवाल्यांना रोकड हवी असे.

धुळ्याकडच्या आमच्या मामांना ती दिवाळीपुरती हवी असे. कापसाची बोंडे फुटायच्या आत जळगावचा व्यापारी बांधावर येऊन विसार देई.

"अहो, महिनाभर थांबा की!" मामी म्हणे.

"मी थांबेन गं. पोरांचे कपडे थांबतील का?"

पुढे भाव चढला की मामा बाजाराच्या दिवशी घराबाहेरच पडत नसत.

बोर्डोच्या शातो लातूरने (मराठवाड्याशी संबंध नाही हं!) २०१२ साली ही आगाऊ विक्री सोडल्याचे जाहीर केले. माल तळघरात मुरवायचा, मग विकायचा. मामांनी एकदा तसे करून पाहिले, कापूस माजघरात भरला. त्या दिवाळीत मामीने पणत्या अंगणातच लावल्या, आणि रात्रभर दाराशी बसून राहिली.