ओळ तुटली तरी चालेल

पावसाळी रविवारी पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघणाऱ्या बाइकच्या ताफ्यांना एक सूचना हमखास मिळते : "एकत्र राहा, मध्ये दुसरी गाडी घुसू देऊ नका." सूचना देणारा बहुधा ग्रुपमधला सर्वांत अनुभवी आणि काळजीवाहू माणूस असतो. तरीही ती चुकीची आहे. ग्रुप राइडमधले बरेच धोके ओळ न तुटू देण्याच्या या हट्टातूनच येतात.

हट्टाच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडले जातात. ताफा मोठा दिसला की ट्रकवाले जपून चालवतात, कोणी वाट चुकत नाही आणि कोणी पडलंच तर मदतीला सगळे हजर असतात. तिन्ही वरवर पटणारे आहेत.

पहिल्याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने बाइक सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पुढच्याचा ब्रेकचा दिवा लागल्यापासून आपण ब्रेक दाबेपर्यंत सेकंदभर तरी जातो. पुढच्याच्या मागे पाच मीटरवर चिकटलेल्याच्या हाती त्या सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो. इथे ट्रकवाल्याची सावधगिरी काय कामाची? धडक आपल्याच मित्राला बसणार असते. १२५ सीसीवरच्या नव्या बाइकना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे; पण ते चाक जाम होऊ देत नाही एवढंच, माणसाला गेलेला सेकंद परत देत नाही.

अमेरिकेतल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा सल्ला असा : एका गटात पाच ते सात बाइक, मोकळ्या रस्त्यावर नागमोडी रचना, तिरप्या पुढच्यापासून किमान एक आणि सरळ पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर, वळणावर एकेरी रांग. "ते तिकडच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी," असं म्हणून इथे तो झटकला जातो. आक्षेपात तथ्य आहे. खड्डे, गुरं आणि उलट्या दिशेने येणारे टेम्पो नागमोडी रचना फार वेळ टिकू देत नाहीत. पण त्यातून अंतर वाढवायला हवं एवढंच सिद्ध होतं. पुढच्याच्या चाकाखालून अचानक प्रकट होणारा खड्डा चुकवता येत नाही. तो आधी दिसायला मोकळा रस्ताच लागतो.

मुंबईहून लोणावळ्याला जाणाऱ्यांसाठी तर हा शिष्टाचाराचाही प्रश्न आहे. द्रुतगती महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याने त्यांना खोपोलीवरून जुना रस्ता धरावा लागतो. तिथे एकेका सेकंदाच्या अंतराने चालणाऱ्या वीस बाइकची ओळ तीनशे मीटरांहून लांब होते. मागच्या एसटीने ती ओलांडायची कुठे? त्यात कोणी हौशी मार्शल चौकात बाइक आडवी घालून वाहतूक रोखतो, तो अधिकार पोलिसांचा असतानाही. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालणाऱ्यांचा वळण्याचा इशारा मागच्याला कळतच नाही. अशा ताफ्यांवर बंदी घाला म्हणणाऱ्यांचा संताप म्हणून समजण्याजोगा आहे; उपाय मात्र विभागणीचा हवा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबतचा अफाट समुदायही क्रमांक दिलेल्या दिंड्यांमध्ये चालतो. मग वीस बाइकचे चार गट करण्यात कमीपणा कसला?

वाट चुकण्याच्या भीतीवरही जुना, साधा तोडगा आहे. सर्वांत पुढे लीड, सर्वांत मागे स्वीप. फाटा आला की लीडच्या मागचा दुसरा बाइकस्वार सुरक्षित जागी थांबून दिशा दाखवतो आणि स्वीप दिसला की पुन्हा ओळीत शिरतो. मधल्यांमध्ये अर्ध्या किलोमीटरचं अंतर पडलं तरी बिघडत नाही. पुढचा दिसेनासा झाला म्हणून आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करण्याची घाई सरते. लीडने हात हलवून "या, या" म्हणण्याची सवयही सोडता येते. त्याला मोकळा दिसलेला रस्ता तिसऱ्या बाइकसाठी मोकळा राहिलेला असेलच असं नाही. वेग मात्र सर्वांत नवख्याला झेपेल तोच ठेवावा लागतो.

उरला मदतीचा मुद्दा, आणि एकत्र राहण्याचा आग्रह सर्वांत महागात पडतो तो इथेच. घाटात एक जण घसरला की चिकटून आलेले मागचे दोघे त्याच्यावर जातात. उरलेले वळणावरच बाइक लावून घोळका करतात आणि उतारावरून येणाऱ्या ट्रकसमोर आणखी माणसं उभी राहतात. अंतर राखून आलेल्या गटात पडलेल्याजवळ दोघे थांबतात. एक जण १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतो आणि जखमीचं हेल्मेट उगाच ओढून काढत नाही. दुसरा वळणाच्या अलीकडे चालत जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवतो. बाकीचे रुंद जागा मिळेपर्यंत पुढे जातात आणि रस्त्याबाहेर बाइक लावून थांबतात.