खेळच तर आहे!

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. गेल्या हिवाळ्यात मी घरी खोटं बोलून दोन दिवस मुंबईला गेले. "कार्यशाळा आहे," असं सांगितलं. सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या, नवऱ्याने मुलीला चित्रकलेच्या वर्गाला सोडायचं कबूल केलं आणि कुणी एक शब्द विचारला नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी समुपदेशन केंद्रात काम करते. शिबिरं, बैठका, कोर्टाच्या तारखा हे सगळं आता आमच्या घराच्या अंगवळणी पडलं आहे.

पण मी कार्यशाळेला गेलेच नव्हते. आम्ही चौघी मैत्रिणी खेळायला गेलो होतो.

माझ्या घरात धाक नाही, मारहाण नाही. समोर बसलेल्या बायकांना "लपवू नका, घरात मोकळेपणाने बोला" असं मी रोज सांगते. मग मला खोटं का बोलावंसं वाटलं? गेले काही महिने हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून हा लेख.

आधी खेळाविषयी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यानंतर तशा प्रकारचे अनेक खेळ आले. पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं. तो प्रसंग उभा करतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर. प्रत्येकीपुढे पात्राचा एक कागद. त्यावर ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव यांचे आकडे. "समोर बंद दरवाजा आहे, काय करणार?" असं सूत्रधार विचारतो, आपण आपल्या पात्राच्या वतीने सांगायचं. जमेल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. कपडे, रंगभूषा काही नाही. फक्त बोलणं, ऐकणं आणि ठरवणं.

आमच्यातली बँकेत काम करणारी मैत्रीण दोन वर्षं हे खेळत होती. तिच्या घरी आम्ही चार-पाच वेळा खेळलो आणि मुंबईत अशा खेळाडूंचा शनिवार-रविवार मेळावा आहे असं कळल्यावर नावं नोंदवली. एक वकील, एक शिक्षिका, एक बँकवाली आणि मी. गाडीत बसल्यावर कळलं की घरी खरं सांगून आलेली एकच होती, आणि ती एकटी राहते!

बाईला उंबरठा ओलांडायला कारण लागतं. नोकरी चालते, दवाखाना चालतो, देव चालतो, माहेरचं लग्न चालतं. आता चळवळसुद्धा चालते, कारण ती दुसऱ्यांसाठी असते. स्वतःच्या मौजेसाठी जाते, हे कारण मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांविषयी हेच मांडलं. बाई रस्त्यावर दिसली तर ती कामाने निघालेली असली पाहिजे. उगीच रेंगाळण्याचा हक्क पुरुषाचा.

आपल्याकडे बायका खेळत नव्हत्या असं नाही. मंगळागौरीचं जागरण आहे, भोंडला आहे. फुगड्या, झिम्मा, सासू-सुनेची सोंगं काढून केलेली भांडणं, सगळं आहे. पण मंगळागौर व्रत म्हणून, तीही नव्या नवरीची, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं. विधवेला तिथे जागा नव्हती. खेळायचं तर व्रताच्या पदराआड. त्याआधी लहानपणी भातुकली. भातुकली म्हणजे तरी काय? तोही पात्र घेऊन खेळायचाच खेळ. फक्त मुलीच्या पात्राचा कागद आधीच कुणीतरी भरून ठेवलेला असतो. मुलगा डाव मोडून पळतो, त्याला पुढे क्रिकेट आहे, कॅरम आहे, चाळिशीतही रविवारचा पत्त्यांचा अड्डा आहे. मुलीची भातुकली मोठी होऊन खरी होते आणि खेळ संपतो.

तर तो मेळावा. एका मोठ्या हॉलमध्ये दहा-बारा टेबलं, बहुतेक सगळे पंचविशीतले पुरुष, बायका बोटांवर मोजण्याएवढ्या. बोलणं जवळजवळ सगळं इंग्रजीत. सुरुवातीला आम्ही चौघी भिंतीला धरून उभ्या होतो, जशा माझ्या केंद्रात पहिल्यांदा आलेल्या बायका उभ्या राहतात.

पण शनिवारचा डाव फार सुंदर झाला. मी चोर झाले होते. कुलपं उघडली, एका जमीनदाराची तिजोरी फोडली, पहारेकऱ्याला थापा मारल्या. चार तास मला कुणाचंही भलं करायचं नव्हतं! समाजकार्य करणाऱ्या बाईला हे सुख काय असतं ते विचारा. एकदा फाशावर एक पडला आणि मी छपरावरून सरळ उकिरड्यात कोसळले. सगळे हसले, मीही हसले. चूक झाली तरी "तुझ्यामुळे" असं कुणी म्हणालं नाही. बाईच्या आयुष्यात अशी जागा कुठे असते?

त्या डावाच्या सूत्रधाराने सुरुवातीलाच टेबलाच्या मधोमध एक कार्ड ठेवलं होतं. त्यावर नुसती फुली. तो म्हणाला, "कथेत काही नको असं आलं तर या कार्डाला बोट लावा. तो भाग आपण वगळू. कारण सांगायची गरज नाही." ही युक्ती जॉन स्टाव्रोपुलोस या अमेरिकन खेळाडूने काढली आणि ती अनेक देशांत वापरली जाते. मी त्या कार्डाकडे बघतच राहिले. 'कारण सांगायची गरज नाही' हे वाक्य मी उभ्या आयुष्यात बाईच्या बाबतीत ऐकलेलं नव्हतं. आमच्या केंद्रात येणाऱ्या बाईला 'नाही' म्हणाल्याचं कारण नवऱ्याला द्यावं लागतं, मग सासूला, मग पोलिसाला, मग वकिलाला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

रविवारी आमची ताटातूट झाली. मी आणि शिक्षिका मैत्रीण दुसऱ्या टेबलावर गेलो. सूत्रधार तरुण, शिकलेला, बोलायला नम्र. फुलीचं कार्ड तिथे नव्हतं. मैत्रिणीचं पात्र होतं तलवार चालवणारी योद्धा बाई. डावात आमची टोळी पकडली गेली. पुरुष-पात्रांना कोठडीत टाकलं, त्यांना पळून जायची संधी होती. मैत्रिणीच्या पात्राला मात्र किल्लेदाराच्या दालनात नेलं आणि तिथे काय होतं याचं वर्णन सुरू झालं. सविस्तर. दोघे जण हसत होते.

मैत्रीण म्हणाली, "मला हे नको. पुढे जाऊ या."

सूत्रधार म्हणाला, "कथेची गरज आहे. आणि खेळच तर आहे, मनावर कशाला घेता?"

ती गप्प झाली. मुठीतले फासे नुसते फिरवत राहिली. आणि मैत्रिणींनो, दुसरी कबुली ही की मीही गप्प होते. वस्तीत दारू पिऊन आलेल्या नवऱ्यासमोर उभी राहणारी मी, तिथे दोन-तीन मिनिटं गप्प बसले. कारण माझ्याही मनात तेच वाक्य होतं. खेळच तर आहे. इथे तोंड उघडलं तर 'बायकांना खेळ कळत नाही' असं होईल. मग फासे गोळा केले आणि म्हणाले, "आम्ही उठतो." आयोजकांकडे गेलो. त्यांचं म्हणणं, त्याचा हेतू वाईट नव्हता, तुम्हाला दुसऱ्या टेबलावर बसवतो. त्याला काय सांगणार, याविषयी मात्र एक अक्षर नाही. बाईला हलवायचं, पुरुषाला तिथेच ठेवायचं. केंद्रात आम्ही हेच पाहतो. मारणारा घरात, बाई माहेरी.

'खेळच तर आहे' हे वाक्य नीट तपासून पाहा. त्याची सख्खी भावंडं आपल्या ओळखीची आहेत. 'गंमत केली.' 'एवढं काय त्यात?' २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने टिंगल आणि अपमान हीसुद्धा हिंसा मानली, ती याच वाक्यांमुळे. आणि 'कथेची गरज' आपण हिंदी सिनेमाच्या बाबतीत वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. कथा काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी ती रचतो. त्या टेबलावर पुरुषाच्या संकटातून सुटकेची वाट होती आणि बाईच्या संकटातून नव्हती, ही गरज कथेची नव्हे, सांगणाऱ्याची होती.

याला इतिहासही आहे. १९७६ साली या खेळाच्या 'द ड्रॅगन' मासिकात एक लेख आला होता. स्त्री-पात्रांना 'प्रभाव' या गुणाऐवजी 'सौंदर्य' द्यावं, असं त्यात सुचवलं होतं. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुष-पात्राहून खाली ठेवली होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती अट गेली. गंमत बघा! आग ओकणारा उडता राक्षस यांना पटतो, मंत्राने भिंत फुटलेली पटते, पण पुरुषाइतकी बळकट बाई पटत नाही. कल्पनेला कुठे कुंपण घालायचं, हे ज्याने त्याने सोयीने ठरवलं.

आणि बायका नंतर आल्या म्हणावं, तर तेही खरं नाही. ली गोल्ड या बाईने १९७५ साली कॅलिफोर्नियात या खेळांविषयीचं एक नियतकालिक सुरू केलं, खेळाडूंनीच लिहायचं आणि एकमेकांना वाचायला द्यायचं असं. सुमारे पन्नास वर्षं, २०२५ पर्यंत, ते त्यांनी चालवलं. आपल्यासारख्या अंकाचे गठ्ठे बांधणाऱ्या बायकांना या कष्टाचं मोल वेगळं सांगायला नको.

आता एक आक्षेप. तो संघटनेतूनच येणार, आणि तो मीही स्वतःला घेतला आहे. 'बायकांना पाणी नाही, रेशन नाही, रोज मार खातात, आणि तुम्हाला खेळ सुचतो? तोही इंग्रजी बोलणाऱ्यांचा?' त्या हॉलचं शुल्क आणि तिथली भाषा माझ्या वस्तीतल्या बाईला परवडणारी नाही, हे अगदी मान्य. पण म्हणून तिला खेळ नको, हे कुणी ठरवलं? परत आल्यावर मी बचत गटाच्या बैठकीत विचारलं, "तुम्ही शेवटचं कधी खेळलात?" आधी हशा पिकला. मग एक जण म्हणाली, "शाळेत कबड्डी. पदर आला आन् बंद." मग एकेक जण सांगत गेली. लगोरी, विटीदांडू, पोहणं. प्रत्येकीला बंद झालेलं वर्ष आठवत होतं. ज्याची गरज नसते त्याची तारीख माणूस लक्षात ठेवत नाही.

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात आकडे आले २८९ आणि ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषानेही आपली नऊ वाचवून घेतली! या पावणेपाच तासांविरुद्ध आपण समान वाटणीची मागणी करतो. पण वाचलेल्या वेळात बाईने काय करायचं? आपलं उत्तर ठरलेलं असतं. शिक्षण घ्यावं, उद्योग करावा, संघटनेत यावं. म्हणजे पुन्हा कामच. बाई उपयोगी पडली तरच तिचा वेळ सार्थकी, हे आपणही नकळत मानत आलो.

म्हणजे तेच वाक्य दोन्हीकडून आपल्यावर उगारलं जातं. घरात 'खेळच तर आहे, त्यासाठी जायला कशाला हवं?' आणि टेबलावर 'खेळच तर आहे, त्यासाठी उठायला कशाला हवं?' एकीकडे खेळ इतका क्षुल्लक की बाईने त्यासाठी घर सोडू नये, दुसरीकडे इतका मोलाचा की तिच्यासाठी तो थांबवू नये. दोन्हीकडे हलकी ठरते ती बाईच. म्हणून माझी मागणीही दुहेरी आहे. खेळायला वेळ हवा, आणि त्या खेळात आमचा 'नाही' चालायला हवा. एक मिळवून दुसरं सोडलं तर हाती काहीच लागत नाही.

घरी आल्यावर आठवड्याने मी सासूबाईंना खरं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग खोटं कशाला बोललीस?" रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या, असं मी परस्परच ठरवून टाकलं होतं. माझ्या पात्राचा कागद या खेपेला मीच त्यांच्या नावाने भरून ठेवला होता.

शिक्षिका मैत्रीण अजून खेळायला बसलेली नाही. तिला आग्रह करायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. तिने कारण सांगायची गरज नाही.

पुढल्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी दुपारी तीन ते सहा आम्ही संघटनेच्या कार्यालयात टेबल मांडणार आहोत. खेळ मराठीत होईल. शुल्क नाही. लिहिता-वाचता येत नसेल तरी अडत नाही, पात्राचा कागद आम्ही भरू, पण तुम्ही सांगाल तसाच. टेबलाच्या मधोमध फुलीचं कार्ड असेल. मुलांना घरच्यांकडे सोपवून या. आणि निघताना घरी कार्यशाळा, भजन, दवाखाना असलं काही सांगू नका. खेळायला जाते, असंच सांगून या.