मूत्रपिंड मिळाले, रक्तदाबाचे काय?

बोस्टनमध्ये १९५४ साली डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला यशस्वीपणे बसवले, तेव्हा तो चमत्कार वाटला होता. आज मूत्रपिंडरोपण आपल्या मोठ्या शहरांत नित्याचे झाले आहे. त्यासाठी घरचे दागिने मोडतात, वर्तमानपत्रांतून मदतीची आवाहने निघतात आणि लोक सढळ हाताने देतातही. मात्र रुग्ण घरी परतला की ‘सुटला एकदाचा’ म्हणून सारेच निर्धास्त होतात. वास्तविक खरी कसोटी तिथून पुढे असते.

रोपण झालेल्या दहा रुग्णांपैकी साधारण सात ते नऊ जणांना उच्च रक्तदाब असतो. विपर्यास असा की, नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधे कायम घ्यावी लागतात, तीच त्याला हातभार लावतात. टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिनमुळे मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, शरीरात मीठ साठते. स्टेरॉइड त्यात भर घालते. ही औषधे मनाने सोडणे म्हणजे मूत्रपिंड गमावणे. तेव्हा रक्तदाबावर स्वतंत्र उपचार करणे आलेच. तो १३०/८० च्या खाली ठेवावा, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. वाढलेला दाब नवे मूत्रपिंड झिजवतो आणि हृदयावरही घाला घालतो.

हे सारे बिनबोभाट चालते. काही दुखत-खुपत नाही म्हणून तपासणी लांबते. त्यात पानातले लोणचे-पापड आणि दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी! रक्तदाबाची गोळीदेखील कोणाच्याही सल्ल्याने घेऊन चालत नाही. डिल्टियाझेमसारखे औषध टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढवते. निर्णय रोपणतज्ज्ञांचाच हवा.

आपल्याकडे मूत्रपिंड देणारी व्यक्ती बहुतेकदा घरातलीच असते. पुष्कळदा आई, नाहीतर पत्नी. तिला ते दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेला लाखो रुपयांची मदत करणाऱ्या विश्वस्त संस्थांनी आणि शासकीय योजनांनी रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि ते वापरण्याचे शिक्षण त्याच खर्चात धरावे. एकूण बिलात ती रक्कम जाणवणारही नाही. घरच्यांनीही रोजचे आकडे वहीत लिहून ती वही दर खेपेला डॉक्टरांपुढे ठेवावी. एका आईने दिलेले मूत्रपिंड निव्वळ मोजमाप न केल्यामुळे वाया जावे, हे आपल्याला परवडणारे नाही.