जंबो जेट लष्कराच्या उष्ट्यावर वाढले नाही

अमेरिकी हवाईदलाने नाकारलेल्या मालवाहू विमानाला खिडक्या-खुर्च्या बसवल्या आणि बोइंग ७४७ तयार झाले, ही गोष्ट विमानवेडी मंडळी इतक्या ठसक्यात सांगतात की खोडून काढणे जिवावर येते. पूर्वार्ध खरा आहे. अवाढव्य मालवाहू विमानाच्या स्पर्धेत १९६५ मध्ये बोइंग हरली, लॉकहीड जिंकली. त्यातून सी-५ गॅलेक्सी आले. पुढच्याच वर्षी पॅन ॲम या विमान कंपनीने २५ जंबोंची मागणी नोंदवली. पण तारखा लागोपाठच्या म्हणून बापलेकाचे नाते कसे जुळणार?

सी-५ चे पोट जमिनीलगत, कारण रणगाडा स्वतःच्या पट्ट्यांवर चालत आत शिरला पाहिजे. म्हणून पंख वर, दारे पुढून-मागून दोन्हीकडे, २८ चाके, आणि माल चढवताना विमानाला चक्क गुडघे टेकायला लावणारी यंत्रणा. ७४७ चे पंख खाली, चाके १८. पंखांची जागा बदलली की सांगाडा, चाके, वजनाचा तोल, सगळेच नव्याने मांडावे लागते. ७४७ चे मुख्य अभियंता जो सटर यांनीही ही वंशावळ साफ नाकारली होती.

प्रतिपक्षाचा जड मुद्दा एकच: दोन्ही विमानांत दिसणारे, वर उघडणारे नाक आणि माथ्यावरचा वैमानिक कक्ष. पण प्रवासी लवकरच ध्वनीहून वेगवान विमानांकडे वळतील आणि ७४७ माल वाहत राहील, असा तेव्हा बोइंगचाच होरा होता. ८ फूट रुंदीचे दोन कंटेनर शेजारी-शेजारी मावावेत, या हिशेबाने त्याची रुंदी ठरली. नाकातून माल भरायचा तर वैमानिकाला वरच बसवावे लागते. त्याला कोणाची नक्कल लागत नाही. (होरा फसला, कुबड राहिले.)

लष्कराचे ऋण आहेच, पण ते इंजिनाचे. जनरल इलेक्ट्रिकने सी-५ साठी घडवलेल्या टीएफ३९ मध्ये गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या आठपट हवा पुढचा पंखा गाभ्याबाहेरून ढकलतो. कमी इंधनात जास्त रेटा मिळतो. सी-५ च्या इंजिनाच्या स्पर्धेत हरलेल्या प्रॅट अँड व्हिटनीने आपले काम पुढे नेऊन ७४७ ला जेटी९डी दिले. म्हणजे पराभवातून जन्म झाला तो इंजिनाचा, विमानाचा नव्हे. टीएफ३९ मधून पुढे सीएफ६ हे नागरी इंजिन निघाले. प्रवासी विमानांवर वर्षानुवर्षे मुरलेल्या याच घराण्यातली इंजिने लावून हवाईदलाने जुन्या सी-५ ची सी-५एम केली.